टीडीएस मीटर चांगलाय, पण त्याच्यावरून पाणी शुद्ध आहे का नाही ते ठरवू नका (सांगली)

पेनासारखा दिसणारा डिजिटल टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारा) ऑनलाइन मागवला होता. बटण सेलवर चालतो, टोपण काढायचं, दोन पिना पाण्यात बुडवायच्या, आकडा थांबला की होल्ड दाबायचं, बास. मशीन म्हणून काहीच तक्रार नाही. आमच्या नळाला, म्हणजे कृष्णेच्या पाण्याला, २०० च्या आसपास दाखवतो आणि कुपवाडला मेव्हण्याच्या बोअरला ९०० च्या वर, परत परत बघितलं तरी फार फरक पडत नाही. ४ स्टार. एक स्टार कापलाय तो बॉक्सवरच्या रंगीत तक्त्यासाठी. ५० च्या आत एकदम भारी आणि ३०० च्या पुढं खराब असं त्यात छापलंय, ते साफ चुकीचं आहे. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं दिलंय.

आता हे सगळं लिहायचं खरं कारण. आमच्या भागात फ्री वॉटर टेस्टवाले फिरतायत, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्याकडं पण एकजण आला, आधी मीटर दाखवला आणि मग पाण्यात वीज सोडणारी चार दांड्यांची मशीन काढली, एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओ फिल्टरचं (पाण्यातले क्षार काढणारा), आणि स्विच चालू. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर फेस, खाली गाळ. "बघा वहिनी, हे तुम्ही पोरांना पाजताय." शेजारच्या काकू आल्या होत्या त्यांनी तर तोंडाला पदरच लावला.

अहो तो गाळ पाण्यातला नाहीच, दांडीचा आहे! त्यातल्या दांड्या लोखंडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या असतात, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, करंट वाहिला की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तयार होतो, तोच आपल्याला घाण म्हणून दाखवतात. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात त्यामुळं करंटच जात नाही आणि ते पाणी तसंच राहतं. मी त्याला म्हटलं दादा, तुमच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकतो, परत लावा. नको नको म्हणत होता पण काकूंनीच आग्रह धरला, लावल्यावर ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त काळपट झालं. काकू म्हणाल्या, अगं बाई, मग मिठात घाण होती का काय? नाही ना! (घरी ती मशीन मागवून करत बसू नका, डायरेक्ट २३० व्होल्टचं काम आहे, पोरं असतात घरात.)

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे, आणि मीटर ते सुद्धा मोजत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते बघून अंदाज सांगतो. गुळाची ढेप काट्यावर ठेवली की वजन कळतं, आत काय मिसळलंय ते कळत नाही, तसंच. जंतू तर यात अजिबात दिसत नाहीत. आपल्याकडं हे समजून घेणं फार गरजेचं आहे कारण पुराचं पाणी मुळात पावसाचं, त्यात क्षार कमी, म्हणजे गटारं मिसळलेलं गढूळ पाणी सुद्धा मीटरवर चांगला आकडा दाखवू शकतं. २०१९ सारखा पूर आला आणि कोणी मीटर बघून पाणी प्यायलं तर कावीळ, गॅस्ट्रो ठरलेलं. तेव्हा उकळायचं किंवा क्लोरीन, दुसरं काही नाही. गावाकडं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात ना, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, ती टेस्ट या मीटरपेक्षा कितीतरी कामाची आहे आणि लोक तिला नावं ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आरओ वाईट असं म्हणणं नाही. उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनी आहेत, तिथल्या खारट बोअरला तो लागतोच. पण २०० टीडीएसच्या नळाला आरओ लावून अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं कशाला? राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० च्या आत टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी घाला. अशा नळाला साधा यूव्ही (अतिनील प्रकाशानं जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक जाळीतून गाळणारा) फिल्टर बघा.

बोअरचं पाणी पित असाल तर वर्षातून एकदा लॅबमध्ये द्या, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू तिघांचं सांगा, मीटरवरून यातलं काहीच कळणार नाही. भूजल सर्वेक्षणची लॅब जिल्ह्याच्या ठिकाणी असते. जंतूंसाठी बाटली निर्जंतुक केलेली लागते, ती लॅबमधूनच घ्या, कोल्ड्रिंकची धुऊन नेऊ नका, आणि सॅम्पल थंड ठेवून लवकरात लवकर पोचवा.

मीटर कोणी घ्यावा? घरी आरओ आहे त्यांनी जरूर घ्या, आधीचं आणि नंतरचं पाणी महिन्याला मोजत जा, नंतरचा आकडा वर चढायला लागला की मेम्ब्रेन (आरओतला गाळणारा पडदा) गेली समजायचं, सर्व्हिसवाला सांगेल तेव्हा बदलायची गरज नाही. वापरल्यावर पिना साध्या पाण्यानं धुऊन पुसून ठेवा, क्षार बसले की आकडा चुकतो.