मांजराचा घरपोच ‘डॉक्टर’

घरी येऊन मांजर तपासणाऱ्या एका गृहस्थाने आमच्याकडून साडेसहा हजार रुपये उकळले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण जास्त राग येतो तो त्याने बोक्याला उपाशी ठेवायला लावलं याचा.

बोक्याचं खाणं सुटलं होतं. कपाटामागे दडून बसायचा, उचलला की अंग चोरायचा. उलटी एखादीच. पेट शॉपच्या काचेवर या माणसाचा नंबर होता. आला, ना पोट चाचपलं ना ताप पाहिला. म्हणाला, “केसांचा गोळा अडकलाय. दोन दिवस काही देऊ नका, लिव्हर साफ होऊ द्या.” वर ‘डिटॉक्स’ थेंबांची बाटली, तीवर ना घटक ना बनवणाऱ्याचं नाव. पैसे आधीच घेतले. रक्तही नेलं आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला: अमायलेज, लायपेज (स्वादुपिंडात तयार होणारे पाचक रस) नॉर्मल, ‘स्वादुपिंड उत्तम’.

खरी चलाखी इथे होती. मांजरात हे दोन्ही आकडे नॉर्मल असले तरी स्वादुपिंडाला सूज असू शकते. तिच्यासाठी एफपीएलआय ही मांजरांची वेगळी रक्तचाचणी असते, जोडीला सोनोग्राफी. आमच्या रिपोर्टवर तर लॅबचा पत्ताच नव्हता आणि ‘नॉर्मल रेंज’च्या रकान्यात चक्क कुत्र्याचे आकडे होते! हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं.

तोवर बोक्याच्या कानांच्या आतली कातडी पिवळी पडली होती. निदान पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, आणि उपासामुळे यकृतात साठलेली चरबी. मांजर, त्यातही गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी यकृतात अशी चरबी साठू शकते. म्हणून या आजारात उपास घडवायचा नसतो. सलाईन, मळमळ थांबवणारं आणि वेदनाशामक इंजेक्शन, वेळ पडली तर नळीतून अन्न, असे उपचार असतात. (वेदनाशामक डॉक्टरांकडूनच. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते.)

कुत्र्याला हा आजार झाला की तो बहुधा उलट्या करकरून घर डोक्यावर घेतो. मांजर फक्त गप्प होतं. सुस्ती, अन्नावरून तोंड फिरवणं, वजन घटणं, अंग गार पडणं, एवढंच दिसतं आणि पुष्कळ मांजरांना उलटी होतच नाही. असल्या भोंदूंचं फावतं ते यामुळेच.

घरी कुणाला बोलावणार असाल तर पदवी आणि नोंदणी क्रमांक आधी मागा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करायला नोंदणी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. आमच्या गृहस्थाला नंबर विचारला तेव्हा “मी डॉक्टर नाही, कन्सल्टंट आहे” असं उत्तर आलं आणि पाठोपाठ आम्ही ब्लॉक झालो. पावती, मेसेज आणि तो कुत्र्याच्या आकड्यांचा रिपोर्ट जोडून परिषदेकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. पेट शॉपच्या काचेवरचा कागद मात्र दुकानदाराने आमच्यासमोर काढला.