जुन्या मातीच्या धरणासाठी व्ही-नॉचचा पत्रा: घ्या, पण पट्टी बदलून

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तलाव तेवढाच भरलेला असताना पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढला किंवा गढूळ यायला लागला, की मात्र धोका समजावा. हा फरक नजरेनं कळत नाही. त्यासाठी पायथ्याच्या चरात ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायला V आकाराची खाच पाडलेला पत्रा हवा.

फॅब्रिकेशनवाल्याकडचा हा पत्रा ३ मिमी स्टेनलेस स्टीलचा, ९० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच. खाच २० सेंमी खोल. वजन साडेआठ किलोच्या आसपास. खाचेची कड पाणी पडतं त्या बाजूनं तासलेली आहे, त्यामुळे धार पत्र्याला न चिकटता सुटी पडते. हे काम उत्तम. साधं लोखंड घेऊ नका, गंजून कड बोथट होते आणि माप चुकतं.

खोट आहे ती पाण्याची उंची वाचायच्या पट्टीत. ती खाचेलाच रिवेट केली आहे आणि शून्य पत्र्याच्या तळाशी आहे. उंची मोजायची ती खाचेच्या खालच्या टोकापासून, पत्र्याच्या तळापासून नव्हे. शिवाय खाचेजवळ पाणी खाली ओढलं जातं, तिथली पातळी कमीच दिसणार. पट्टी काढून पत्र्यापासून ६० सेंमीवर, पाणी येतं त्या बाजूला खुंटीवर लावा आणि गवंड्याच्या लेव्हल पाइपनं तिचा शून्य खाचेच्या खालच्या टोकाशी जुळवा. पत्रा १० सेंमी जमिनीत गाडून दोन्ही बाजू काँक्रीटनं बंद करा. खालचं पाणी खाचेच्या टोकापर्यंत चढता कामा नये.

पट्टीवर पाण्याची उंची ५ सेंमी म्हणजे सेकंदाला ०.७७ लिटर, ८ ला २.५ आणि १० ला ४.४. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट! म्हणून एक सेंमीची चूकसुद्धा महागात पडते. ५ सेंमीच्या खाली सरळ बादली आणि घड्याळ लावा. आकड्याशेजारी तलावाची पातळी आणि पाऊस लिहिलाच पाहिजे, नाहीतर भरावावरून उतरलेलं पावसाचं पाणीही पाझर म्हणून मोजलं जाईल.

दर वेळी काचेच्या बाटलीत पाणी धरून ठेवा. तळाला माती बसली तर भराव आतून पोखरला जातोय. असं पाणी निघतं त्या जागी चिकणमातीचा बोळा मारू नये. दाब वाढून पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर दगड रचावेत, पाटबंधारे शाखेला त्याच दिवशी कळवावं आणि त्यांच्या सल्ल्यानं पातळी हळूहळू उतरवावी. एकदम उतरवली तर भरावाचा पाण्याकडचा उतार घसरतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तिथंही गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याहून लहान तलावांची नोंद पाणीवापर संस्थेनंच ठेवायला हवी.

सिंचनालाही ही नोंद उपयोगी आहे. सेकंदाला २.५ लिटर म्हणजे दिवसाला २१६ घनमीटर. रब्बीच्या पाळ्या ठरवताना हे वजा धरा, पण सगळं वाया गेलं असं मानू नका, खालच्या विहिरी त्यावरच टिकतात.

एक गोष्ट या पत्र्यावर येत नाही: विमोचकाच्या (धरणातून कालव्यात पाणी सोडायच्या दाराच्या) नळालगतची गळती. ती कालव्यात जाते. गेट पूर्ण बंद करून कालव्याच्या तोंडाशी वेगळी पाहावी लागते.