गॅरेज डोअर ओपनरचा बॅटरी बॅकअप : दोन उन्हाळे काढल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. बॅकअप काम करतो, लाइट गेले तरी बटण दाबलं की दार उघडतं, पैसे वाया गेलेले नाहीत. पण ती बॅटरी म्हणजे वॉटर फिल्टरच्या कँडलसारखी आहे, ठराविक काळाने बदलायचीच, आणि हे ओपनर बसवणारा माणूस आपणहून सांगत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण इथल्या बहुतेक ओपनरमध्ये आतला कारभार साधारण सारखाच आहे. 5 पैकी 4 स्टार, आणि कापलेला एक स्टार पूर्णपणे त्या बीपचा. बीपवर येतोच पुढे.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूला राहतो. इकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात कोरडा वारा सुटला की तारांमुळे वणवा पेटू नये म्हणून वीज कंपनी स्वतःच लाइन बंद करते. 2019 च्या ऑक्टोबरात तर लाखो घरांचे लाइट असे गेले होते. भारनियमनात वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, फक्त तिकडे लाइट गेल्यामुळे गाडी घरात अडकली असं कधी झालं नाही, कारण दार आपलं हाताने उघडायचं. इथे गाडी आत, दार दोन गाड्यांच्या रुंदीचं, आणि ते उघडणारी मोटर छताला टांगलेली.

खरं म्हणजे मला ओपनर बदलायचाच नव्हता, दार बदलायचं होतं, खालचं पॅनल पार चेपलं होतं. तर दारवाला म्हणाला की जुन्या बिनबॅटरीच्या ओपनरला नवीन दार जोडता येत नाही, कायदा आहे. मला वाटलं विकायची आयडिया आहे याची, घरी येऊन शोधलं तर खरंच आहे. राज्याचा कायदा, सिनेट बिल 969, 1 जुलै 2019 पासून लागू, तेव्हापासून राज्यात घरगुती गॅरेजसाठी विकला किंवा बसवला जाणारा प्रत्येक ऑटोमॅटिक ओपनर बॅटरी बॅकअपवालाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक ओपनरमागे 1000 डॉलर दंड. आधीपासून लावलेला जुना ओपनर तसाच ठेवला तर कोणी काही म्हणत नाही, पण नवीन दार त्याला जोडायचं नाही.

हा कायदा आला 2017 च्या ऑक्टोबरमधल्या आगींमुळे. सँटा रोझा शहराच्या बाजूला टब्स फायर नावाची आग लागली ती रात्री, वारा प्रचंड, लोक झोपेतून उठून पळाले, 22 माणसं गेली त्या एका आगीत. त्या आठवड्यातल्या आगींमध्ये काही म्हाताऱ्या माणसांना लाइट नसल्यामुळे गॅरेजचं दार उघडताच आलं नाही. हे वाचल्यावर मी दारवाल्याशी घासाघीस करायची बंद केली (किमतीची केली, ती वेगळी गोष्ट).

आता मशीनबद्दल. मोटर डीसी आहे, म्हणून बॅटरीवर चालते. बॅटरी 12 व्होल्ट 5 ॲम्पिअर-अवरची, सीलबंद लेड-ॲसिड, म्हणजे कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये असते तीच जात. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची 150 ॲम्पिअर-अवरची मोठी ट्युब्युलर बॅटरी डोळ्यासमोर आणू नका, ही हातात मावते. कंपनी म्हणते 24 तासांत 20 वेळा उघड-बंद होईल, मी कधी मोजत बसलो नाही पण दिवसभर लाइट नसताना आमचं जाणं-येणं, बायकोचं जाणं-येणं, मुलांचं उगाच बटण दाबणं, सगळं धरून कधी अडलं नाही. एक प्रश्न इथले मित्र नेहमी विचारतात, की जुन्या ओपनरलाच बाहेरून यूपीएस लावला तर? जुन्या एसी मोटरला सुरू होताना जो झटक्यात करंट लागतो त्याला साधा कॉम्प्युटरचा यूपीएस बहुतेक वेळा पुरत नाही, ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. त्या भानगडीत पडू नका.

लाइट गेल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो कारण माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. दार नेहमीपेक्षा हळू सरकतं. ओपनरचा दिवा लागत नाही, म्हणजे गॅरेजमध्ये मिट्ट काळोख, भिंतीच्या स्विचपाशी एक टॉर्च अडकवून ठेवा. फोनवरून बंद करणं, ठराविक वेळाने आपोआप बंद होणं, हे सगळं बॅटरीवर बंद. रिमोट चालतो. बाहेरचा कीपॅडही (नंबर दाबून दार उघडायचा) चालतो, पण त्याच्यात स्वतःची 9 व्होल्टची बॅटरी असते आणि ती संपलेली असली तर छतावरच्या एवढ्या बॅकअपचा बाहेर उभ्या माणसाला उपयोग शून्य. खालचे सेन्सर चालू असतात, मध्ये काही आलं तर दार उलटं फिरतं, हे मी मुद्दाम खोका ठेवून बघितलं.

आणि बीप. बॅटरीवर चालू असताना नारिंगी दिवा आणि दर दोन सेकंदाला बीप, ठीक आहे, लाइट नाहीत हे कळतं (लाइट नाहीत हे आम्हाला तसंही कळलेलं असतं). खरा छळ पुढे आहे. बॅटरी मेली की लाल दिवा लागतो आणि दर तीस सेकंदाला बीप सुरू होतो, लाइट असले तरी. आमची बेडरूम गॅरेजच्या वर. दुसऱ्या उन्हाळ्यात मध्यरात्री हे सुरू झालं, आई तेव्हा इथे आलेली, ती उठून सगळ्या घरात कान देत फिरली, तिला वाटलं धुराचा अलार्म वाजतोय, मग मलाही तेच वाटलं, मी स्टूल घेऊन एकेक अलार्म काढत सुटलो. शेवटी आईच गॅरेजच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "अरे, हे खालून येतंय, तुझ्या त्या दाराचं रडणं आहे." बीप गप्प करायचं बटण नाही. मी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि झोपलो.

बॅटरी इतक्या लवकर का गेली, तर गरमी. बाहेर चाळीस असतं तेव्हा बंद गॅरेजच्या छताखाली त्याहून बरंच जास्त, आणि लेड-ॲसिड बॅटरीचा नियम असा की 25 डिग्रीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं. समुद्राकडे, थंड गावात राहणाऱ्यांना ही जास्त टिकेल. आमच्याकडे दोन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. बदलणं मात्र अगदी सोपं, एक-दोन स्क्रू, झाकण, लाल वायर लालला काळी काळ्याला, नवीन सरकवली की हिरवा दिवा लुकलुकतो, पूर्ण चार्ज व्हायला 24 तास. कंपनीच्या नावाचीच घ्यायची गरज नाही, तोच व्होल्टेज, तोच आकार आणि तशीच टर्मिनल असलेली चालते, मी तीच लावलीय. जुनी कचऱ्यात टाकायची नाही, इथे ते बेकायदेशीर आहे, गाडीच्या पार्टच्या दुकानात देऊन या.

आता जे मला बॅटरीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं ते. ओपनर दार उचलत नाही, वजन स्प्रिंग उचलते, मोटर नुसती सरकवते. स्प्रिंग तुटलेली असेल तर बॅटरी नवी कोरी असून काही होणार नाही. दार बंद असताना ओपनरला लोंबणारी लाल दोरी ओढून ट्रॉली (दार मोटरला जोडणारा सरकता भाग) सोडवा आणि दार हाताने अर्ध्यावर न्या, ते तिथेच थांबलं पाहिजे. धाडकन खाली येत असेल किंवा आपोआप वर जात असेल तर माणूस बोलवा, टॉर्शन स्प्रिंगला (दाराच्या वरची पीळ दिलेली स्प्रिंग) स्वतः पाना लावू नका, हात जायचे.

त्या लाल दोरीचं हँडल जमिनीपासून सहा फुटांवर असावं असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. आमच्याकडे बसवणाऱ्याने गाडीच्या टपाला लागू नये म्हणून गाठ मारून वर घेतलं होतं. आई पाच फूटसुद्धा नाही. तिला म्हटलं ओढून बघ, तर टाचा उचलूनही बोटं पोचेनात. म्हणजे ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच माणसाच्या हाताला दोरी लागत नाही. गाठ सोडली, खाली थोडी दोरी वाढवली, गाडी लावताना ती टपावर लोळते, लोळू दे. मग दोघांनी मिळून एकदा दार हाताने वर नेलं, स्प्रिंग बरोबर असल्यामुळे आईलाही जमलं, आणि त्यानंतर दोन दिवस ती फोनवर सगळ्या मावश्यांना हेच सांगत होती. ज्यांच्या गॅरेजला आतून घरात जायचं दार नाही त्यांनी बाहेरून किल्लीने ट्रॉली सोडवायचं कुलूप वेगळं बसवून घ्या, नाहीतर बॅटरी संपली की बाहेरच.

मी आता ऑगस्टच्या शेवटी, वाऱ्याचे दिवस सुरू व्हायच्या आत, ओपनरचा प्लग काढून दार दोन-तीनदा उघड-बंद करून बघतो. नुसता हिरवा दिवा बघून समाधान मानू नका, माझ्याकडे हिरवा दिवा असताना दार अर्ध्यात रेंगाळायला लागलं होतं आणि मग काही आठवड्यांत लाल लागला. ऑनलाइन बॅटरी मागवली तर आल्या आल्या तिच्यावरची तारीख बघा, वर्षभर गोदामात पडून राहिलेली निघाली तर सरळ परत पाठवा.