गोळ्यांना दाद न देणारं नैराश्य: शॉक, केटामिन की चुंबक?

घरातल्या माणसाचं नैराश्य दोन वेगवेगळ्या औषधांनीही हटलं नाही, की मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या उपचारांचं बोलू लागतात. त्यात सहसा तीन नावं येतात: ईसीटी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट शॉक म्हणतात ते, केटामिनचं सलाईन, आणि आरटीएमएस, म्हणजे डोक्याला चुंबक लावून करायचा उपचार. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या घरांत हा निर्णय अडकून पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक खात्री करून घ्या. औषध खरंच हरलं, की ते नीट घेतलंच गेलं नाही? गोळीचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. कापूस वेचणीच्या गडबडीत पंधरा दिवस गोळ्या चुकल्या, किंवा झोप फार येते म्हणून घरच्यांनीच अर्धी गोळी केली, तर त्याला औषध हरलं म्हणता येणार नाही. थायरॉइडची तपासणी झाली आहे का, दारू चालू आहे का, मधूनच अति उत्साहाचे, न झोपण्याचे दिवस येऊन गेलेत का, हेही डॉक्टरांना सांगा. मात्र दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊन झाली असतील, तर तिसरी-चौथी गोळी बदलत वर्ष घालवू नका. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात (2006) पहिल्या औषधाने साधारण 37 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्याने 31 टक्के; तिसऱ्या टप्प्यावर हा आकडा 14 टक्क्यांच्या आसपास घसरला.

ईसीटीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण भीती सगळ्यात जास्त तिचीच आहे. रुग्णाला पकडून ठेवलंय आणि तो तडफडतोय, हे सिनेमातलं चित्र डोक्यातून काढून टाका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी घातली आहे. प्रत्यक्षात होतं ते असं. रात्रीपासून उपाशी असलेल्या रुग्णाला सकाळी शिरेतून भूल देतात. दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवतात. स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी बऱ्याच ठिकाणी एका पायाला बीपीचा पट्टा आवळतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. मग काही सेकंद विद्युतप्रवाह दिला जातो, मेंदूत झटका (फिट) येतो, आणि बाहेर दिसते ती फक्त त्या पावलाची थरथर. ती किती सेकंद चालली हे डॉक्टर मोजतात. बहुतेक वेळा मिनिटभरात संपते. रुग्ण थोड्या वेळाने जागा होतो, काही काळ गोंधळलेला असतो, मग चहा मागतो. आठवड्यातून दोन-तीनदा, अशा सहा ते बारा वेळा.

खरा तोटा स्मरणशक्तीचा. उपचाराच्या आसपासचे दिवस पुसट होतात. बहुतेकांची नवं लक्षात ठेवण्याची क्षमता काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण मधल्या काळातल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलासाठी किंवा हिशेब सांभाळणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे, ती आधी सांगायलाच हवी.

केटामिन हे भुलीचं जुनं औषध. नैराश्यासाठी ते भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत, वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत सलाईनमधून देतात. गोळीला आठवडे लागतात. इथे काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी मन हलकं झाल्याचं अनेक जण सांगतात. सलाईन चालू असताना शरीरापासून वेगळं झाल्यासारखं वाटतं, बीपी चढतं. म्हणून नंतर दोनेक तास देखरेखीत बसवून ठेवायला हवं, आणि त्या दिवशी मोटारसायकल अजिबात चालवायची नाही. अडचण अशी की एका सलाईनचा गुण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. सवय लागण्याचा धोका आहे. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मूत्राशयालाही इजा होते.

आता या दोघांची समोरासमोर तुलना. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भ्रम (खोट्या गोष्टी खऱ्या धरून बसणं) नसलेल्या आणि बहुतांश घरून ये-जा करणाऱ्या रुग्णांमध्ये, केटामिनने 55 टक्क्यांना चांगला फरक पडला, ईसीटीने 41 टक्क्यांना. हे वाचून केटामिन जिंकलं असं वाटेल. पण वर्षभर आधी स्वीडनमधल्या चाचणीत, रुग्णालयात भरती असलेल्या 186 जणांत, ईसीटीने 63 टक्के लक्षणमुक्त झाले, केटामिनने 46 टक्के. त्यांच्यात भ्रम असलेले रुग्णही होते, आणि वयस्कर लोकांत ईसीटी विशेष उजवी ठरली. मला हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. दोन्हीकडचे रुग्णच वेगळे होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आजोबांनी जेवण सोडलंय, पाणीही पीत नाहीत, 'मी पाप केलंय, मला शिक्षा होणार' असं धरून बसलेत, किंवा जीव देण्याचा विचार टोकाला गेलाय, तर ईसीटीला होकार द्या आणि उशीर करू नका. चाळिशीतली शिक्षिका आहे, भ्रम नाहीत, शाळेत कामाला स्मरणशक्ती लागते, तर केटामिनचा विचार आधी करावा. अट एकच: देणारी जागा ऑक्सिजन, बीपी मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ असलेली हवी.

आरटीएमएसमध्ये भूल नाही, झटका नाही, स्मरणशक्तीला धक्का नाही. खुर्चीत बसायचं, कपाळाच्या डाव्या बाजूला वर चुंबकाची कॉइल टेकवतात, ती टकटक वाजते. डोकं दुखणं हा नेहमीचा त्रास. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर चालत नाही. गुण ईसीटीइतका जोरकस नाही आणि आजार अति तीव्र असेल तर यावर विसंबू नये. आपल्याकडे मोठा अडसर येण्या-जाण्याचा आहे: आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. यंत्र नाशिकला किंवा पुण्यात असेल, तर सोबतच्या माणसासह महिनाभर तिथे राहायचं. 2018 च्या कॅनडातल्या चाचणीत तीन मिनिटांची बैठक साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीइतकीच चालते असं दिसलं, त्यामुळे बैठक छोटी झाली, पण फेऱ्या तेवढ्याच. पाच दिवसांत रोज दहा बैठका देणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत 2022 साली परवानगी मिळाली. ती आपल्या भागात पोहोचली तर पाचोऱ्याच्या किंवा साक्रीच्या कुटुंबाला हा पर्याय खऱ्या अर्थाने खुला होईल.

कुठे जायचं? जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करा, मग मुंबईचं तिकीट काढा. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत रेल्वेने जवळ पडतं. जाताना आधीच्या सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि किती आठवडे घेतलं ते कागदावर लिहून न्या. विमा असेल तर मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच संरक्षण द्यावं असं त्याच 2017 च्या कायद्यात आहे, तेव्हा दावा करायला कचरू नका.

तिन्हींपैकी काहीही निवडलं, तरी बरं वाटल्यावर गोळ्या बंद करू नका. अमेरिकेतल्याच 2001 च्या एका अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना नंतर नुसती साखरेची गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत 84 टक्क्यांचा आजार उलटला. लिथियम आणि नॉरट्रिप्टिलिन ही दोन्ही औषधं घेणाऱ्यांत तो आकडा 39 टक्के होता. आणि निर्णय होईपर्यंतच्या दिवसांत घरात फवारणीचं औषध उघड्यावर ठेवू नका, रुग्णाला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.