जुन्या गाडीत 'भारीतलं' गिअर ऑइल टाकतो म्हणणाऱ्यांपासून सावध

जुनी मॅन्युअल गाडी वापरणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, वेळ काढून वाचा आणि घरात कुणाकडे अशी गाडी असेल तर त्यांनाही सांगा. बाबांची मारुती ८०० आहे, २००४ ची, पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलेली. गाडी एकदम व्यवस्थित, फक्त गिअरबॉक्सखाली ऑइलचे थेंब दिसायला लागले म्हणून ऑइल सील बदलायला इथे नाशिकमधल्याच एका मोठ्या गॅरेजला दिली. सील बदलायचं म्हणजे ऑइल काढावं लागतंच, तेव्हा तिथला माणूस बाबांना म्हणाला, "काका, पुस्तकातलं जीएल फोर आता जुनं झालं, मी तुम्हाला जीएल फाइव्ह टाकतो, इम्पोर्टेड, फुल सिंथेटिक, गिअर आयुष्यभर बघायला नको." (जीएल फोर, जीएल फाइव्ह म्हणजे गिअर ऑइलचे प्रकार.) बाबांनी स्पष्ट सांगितलं की पुस्तिकेत आहे तेच टाका. तो बरं बरं म्हणाला आणि संध्याकाळी बिलावर काय, तर सिंथेटिक गिअर ऑइल ३ लिटर, १२५० रुपये लिटर, वर सील आणि मजुरी वेगळी. काम झालंय, गाडी बाहेर काढून ठेवलीय, पैसे द्या म्हणे.

आता यातलं पहिलं खोटं तर बिलावरच आहे, ८०० च्या गिअरबॉक्समध्ये ३ लिटर मावतच नाही. लेव्हल भरायच्या होलच्या खालच्या कडेपर्यंत असते, त्यावर टाकलं की बाहेर येतं.

थंडी सुरू झाली आणि सकाळी दुसरा गिअर पडेना. तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणताना कर्रर्र आवाज, बाबा दोनदा क्लच दाबून कसंबसं टाकायचे. परत गॅरेजला नेली तर पाच मिनिटं चालवून बघून सांगितलं, सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १६ हजार. जी गाडी सील बदलायला येईपर्यंत नीट चालत होती तिच्या रिंगा तुमच्याकडून गेल्यावरच कशा गेल्या, याला उत्तर नाही. मी म्हटलं ठीक आहे, जे ऑइल टाकलं त्याच्या रिकाम्या बाटल्या दाखवा. मालक काहीतरी पुटपुटत आत गेला, तेवढ्यात तिथल्या पोराने सरळ कोपऱ्यातलं बॅरल दाखवलं, ताई बाटल्या कुठल्या, सगळ्यांना यातूनच टाकतो. बॅरलवर लिहिलेलं ८५डब्ल्यू-१४० (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा), जीएल-५. मी तिथल्या तिथे फोटो काढला.

हे ऑइल वाईट नसतं, ते ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) असतं, आणि फसवणारे इथेच फायदा घेतात. जीएल-४ आणि जीएल-५ या काही जुनी-नवी आवृत्ती नाहीत, चारपेक्षा पाच भारी असं काही नसतं, दोन्ही वेगवेगळ्या कामाची ऑइलं आहेत. डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, त्यांचे दात एकमेकांवर दाबून घासत सरकतात म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाली रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ओम्नी, जिप्सी यांच्या मागच्या अ‍ॅक्सलला ते लागतं. पण ८०० पुढच्या चाकांवर चालते, तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच हौसिंगमध्ये आहे, एकाच ऑइलवर, आणि त्यात हायपॉइड गिअर नाहीतच. वर गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा. रिंगेचं काम म्हणजे घासून पकड घेणं आणि दोन गिअरचा वेग सारखा करणं, जास्त निसरडं ऑइल असलं की पकडच बसत नाही. शिवाय ती रसायनं वर्षानुवर्षं राहिली तर पितळ खातात. काही नवीन जीएल-५ पितळाला त्रास देत नाहीत असं कंपन्या सांगतात, मान्य, पण निसरडेपणाचं काय? डब्यावर जीएल-४/जीएल-५ असं दोन्ही लिहिलेलं असेल तर तेही जीएल-५ च समजा.

आणि १४० चा घट्टपणा वेगळाच. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे ते काकवीसारखं होतं, रिंगेखालून लवकर हटत नाही, गिअर अडतो. जुनी गाडी विकताना बेअरिंगचा आवाज दाबायला हेच घट्ट ऑइल टाकतात, त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनीही गाडी थंड असताना चालवून बघा.

शेवटी सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघितलं, मगच खालचा उघडला (वरचा अडकला आणि खालून ऑइल काढून बसलात तर गाडी जागेवरच), ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं आणि आम्हाला उन्हात दाखवलं. ड्रेन प्लगवर थोडा करडा गाळ होता, तो नॉर्मल. पितळ झिजलं असतं तर सोनेरी चकाकी दिसली असती, ती अजिबात नव्हती. म्हणजे रिंगा शाबूत, आणि १६ हजार शुद्ध लुबाडणूक! पुस्तिकेप्रमाणे जीएल-४ आणलं, आमच्यासमोर सील फोडून ओतलं, आणि गिअर पहिल्यासारखे पडायला लागले.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की बाबांसारख्या पेन्शनवर असलेल्या माणसाने नको म्हटल्यावरही हे केलं, आणि मग स्वतःच केलेल्या बिघाडाची दुरुस्ती त्यांनाच विकायला निघाले. असे किती काका १६ हजार देऊन आले असतील. गिअरबॉक्स उतरवायचं कुणी सांगितलं तर आधी दुसऱ्या मिस्त्रीकडून ऑइल काढून बघून घ्या, आणि उतरवलाच तर जुन्या रिंगा हातात मागा. ऑइलची बाटली सीलबंद, एमआरपी, बॅच नंबर, उत्पादनाचा महिना बघून घ्या आणि रिकामी बाटली घरी आणा.

मी बिल आणि बॅरलचा फोटो घेऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार केली. त्यानंतर मालकाने फोन करून ऑइलचे पैसे परत दिले, मजुरीचे अजून दिलेले नाहीत. ते मी सोडणार नाहीये. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. काढलेल्या ऑइलची एक बाटली भरून तारीख घालून ठेवलीय, तक्रारीसोबत तीही देणार आहे.