बिलिंग काउंटर की फ्लोअर? मोठ्या दुकानातली पहिली नोकरी निवडताना

मोठ्या दुकानात नोकरी लागली की पहिल्या काही दिवसांतच विचारलं जातं, "काउंटरला टाकू की फ्लोअरला?" काउंटर म्हणजे बिल करून पैसे घेणं, फ्लोअर म्हणजे दुकानात फिरून माल लावणं आणि गिऱ्हाइकाला मदत करणं. गणवेश तोच, पगारही बहुधा जवळपास सारखाच, म्हणून नवीन माणूस "कुठेही चालेल" म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. मी दोन्हीकडे काम केलं आहे, नंतर नव्यांना शिकवलंही आहे. काउंटरवर रोज मेटाकुटीला येणारी माणसं फ्लोअरवर गेल्यावर खुलताना पाहिली आहेत, आणि याच्या उलटही पाहिलं आहे. मिळालेली जागा चुकीची होती, एवढ्याच कारणावरून "दुकानदारी आपल्याला जमत नाही" असं ठरवून कुणी नोकरी सोडू नये, यासाठी हे लिहीत आहे.

ही दोन कामं मुळात एकच होती. गिऱ्हाईक काउंटरपलीकडून वस्तू सांगायचं आणि आतला माणूस ती काढून, मोजून, बांधून, पैसे घेऊन द्यायचा. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकालाच फडताळांमधून फिरून माल उचलायला लावला. स्वतः माल निवडण्याची ही पद्धत जशी पसरली तसे पैसे घेणारा आणि माल सांभाळणारा वेगळे झाले. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंग गमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानात स्कॅन झाला. किमती पाठ असण्याची गरज संपत गेली आणि कॅशिअरचं काम वेगावर मोजलं जाऊ लागलं. मालाची माहिती फ्लोअरकडे राहिली. आज निवड करताना तुम्ही खरं तर या वाटणीतला एक हिस्सा उचलत असता.

काउंटर

काउंटरची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे काम डोळ्यांसमोर संपतं. रांग ओसरते, गल्ला मोजला जातो, हिशोब जुळला की तुम्ही घरी. मनात रेंगाळणारं फारसं काही उरत नाही. मशीन चालवणं थोड्या दिवसांत हाताखाली येतं. त्यानंतरची खरी शिकवण पैशांची. सुरुवातीची रोकड स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही, आपल्या लॉगिनवर दुसऱ्याला बिल करू द्यायचं नाही, मोठी नोट आली तर सुटे परत देईपर्यंत ती गल्ल्यात आत ढकलायची नाही. शेवटच्या सवयीने "मी पाचशेची दिली होती" छापाचे बरेचसे वाद सुरू होण्याआधीच मिटतात. सहकारी कितीही जवळचा असला तरी लॉगिनच्या बाबतीत नाही म्हणायला शिका. कमी भरलेल्या पैशांचं उत्तर ज्याच्या नावावर मशीन उघडलं आहे त्यालाच द्यावं लागतं.

आता अवघड बाजू. काउंटरवर येणारा माणूस दुकानातला सगळा त्रास बरोबर घेऊन येतो. पार्किंग मिळालेलं नसतं, हवी ती वस्तू सापडलेली नसते, रांग लांब असते, आणि फडताळावर लिहिलेली किंमत बिलात वेगळी निघते. यातलं काहीही कॅशिअरने केलेलं नसतं, पण पहिला जिवंत चेहरा त्याचाच दिसतो. त्यात किंमत दुरुस्त करण्याची चावी सुपरवायझरकडे. सुपरवायझर येईपर्यंत समोर चिडलेलं गिऱ्हाईक, मागे ताटकळलेली रांग आणि आपल्या हातात काहीच नाही, अशी ती काही मिनिटं या नोकरीतली सर्वांत जड मिनिटं असतात. अशा वेळी गप्प उभं राहू नये. "किंमत तपासायला सांगितलं आहे, माणूस येतोच आहे" हे समोरच्याला सांगावं आणि रांगेतल्या पुढच्याकडे बघून त्यालाही सांगावं. काय चाललं आहे ते कळलं की माणसं बरीच थांबतात.

म्हणूनच मला वाटतं, काउंटरचं काम सुसह्य आहे की असह्य, हे स्वभावापेक्षा अधिकारावर ठरतं. किरकोळ फरक कॅशिअरने स्वतःच्या जबाबदारीवर सोडवण्याची मुभा काही दुकानं देतात. तिथे तेच काम, तीच रांग, तेच ग्राहक, आणि तरी दिवस हलका जातो. नोकरी घेताना सवलतींच्या यादीपेक्षा ही एक गोष्ट जास्त बारकाईने विचारा.

शरीराचं म्हणाल तर काउंटर वाटतं तितकं सोपं नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करतात; एका जागी खिळून उभं राहिलं की ती मदत थांबते, पाय सुजतात, कंबर धरते. स्कॅन करताना कंबरेतून सारखं वळणं आणि मनगटाची तीच ती हालचाल, याचाही हिशोब वर्षभराने शरीर मागतं. बसण्याची सोय मागणं म्हणजे आळस नव्हे. ब्रिटनमध्ये १८९९ सालीच दुकानातल्या दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक बैठक देण्याचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या करारातही पुरेशा, योग्य बैठका आणि त्या वापरण्याची वाजवी संधी द्यावी असं म्हटलं आहे. युरोपातल्या अनेक देशांत कॅशिअर बसूनच बिल करतात आणि रांगा तिथेही पुढे सरकतात.

आणि एक फार साधी गोष्ट, जिचा विचार आधी कुणी करत नाही: बदली माणूस आल्याशिवाय काउंटर सोडता येत नाही. शौचालयात जायचं तरी कुणाला तरी विचारावं लागतं. ज्यांना तब्येतीची काही अडचण आहे त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, संकोच करू नये.

फ्लोअर

फ्लोअरच्या कामाला कड नसते. माल लावायचा, जुन्या तारखेचा पुढे आणि नवा मागे ठेवायचा, किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या, ट्रायल रूममधून आलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि हे सगळं चालू असताना कुणीतरी येऊन "हे मोठ्या साइझमध्ये आहे का?" विचारणार. नवीन माणसाला हा व्यत्यय वाटतो. घडी अर्धी राहते म्हणून तो वैतागतो, आणि तो वैताग गिऱ्हाइकाला दिसतो. विचारायला आलेला माणूस हेच आपलं मुख्य काम आणि घडी हे मधल्या वेळचं काम, ही उलथापालथ डोक्यात झाली की फ्लोअर आवडू लागतो.

कसब कशात आहे? कुणाला मदत हवी आणि कुणाला मोकळं सोडायचं, हे ओळखण्यात. आत येताच "काय हवंय?" विचारलं की "नुसतं बघतोय" हेच उत्तर मिळतं, आणि तिथे संवाद बंद होतो. त्यापेक्षा माणसाला जरा फिरू द्यावं. त्याने एखादी वस्तू हातात घेऊन खाली ठेवली, पुन्हा घेतली, की त्या वस्तूबद्दल उपयोगाचं एखादं वाक्य बोलावं, किंवा कुणासाठी, कशासाठी हवी आहे ते विचारावं. आपल्याकडे नसेल तर नाही म्हणून सांगावं. गळ्यात मारलेली वस्तू परत येते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

फ्लोअरकडे माझा कल आहे, आणि त्याचं कारण हेच. तिथे शिकलेलं तुमच्याबरोबर पुढच्या नोकरीत येतं. कापडाचा पोत, बुटाचं माप, यंत्रातला फरक, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनोळखी माणसाला काय हवं आहे ते काढून घेण्याची हातोटी. विभागप्रमुख, मालखरेदी, मांडणी या वाटा फ्लोअरवरून लवकर उघडतात. काउंटरवरून हेड कॅशिअर आणि हिशोब विभागाकडे जाता येतं. आकड्यांत रस असेल तर ती वाटही चांगली आहे.

पण फ्लोअरवर टार्गेट असतं. ते प्रत्येकाचं वेगळं असेल तर गिऱ्हाईक कुणाचं यावरून धुसफूस होते. खूप प्रश्न विचारणारे पण थोडंच घेणारे वृद्ध सगळेच टाळू लागतात, हे बघून मला फार वाईट वाटायचं. काही ठिकाणी माल परत आला की त्यावरचा इन्सेंटिव्हही कापला जातो. विभागाचं एकत्र टार्गेट मला जास्त माणुसकीचं वाटतं, जरी त्यात मेहनती माणसाला आपण दुसऱ्याचं ओझं वाहतोय असं वाटू शकतं.

वेळेच्या बाबतीत काउंटर उजवा. शटर खाली आल्यावर गल्ला मोजून कॅशिअर निघतो, फ्लोअरवाल्यांना मात्र विस्कटलेला विभाग लावूनच निघता येतं. शिक्षण चालू असेल, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर माझा कल बाजूला ठेवून मी काउंटर घ्या असंच सांगेन.

अपमान दोन्हीकडे होतो. फ्लोअरवर दोन पावलं मागे सरता येतं, सहकाऱ्याला पुढे करता येतं. काउंटरवर तुम्ही खिळलेले असता. 'ग्राहक नेहमीच बरोबर' हे वाक्य गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून दुकानांतून फिरतं आहे, पण त्याचा अर्थ शिवीगाळ सहन करा असा लावू देऊ नका. कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाविरुद्धच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय करारात ग्राहकासारख्या तिसऱ्या व्यक्तीकडून होणाऱ्या त्रासाचाही विचार केलेला आहे.

सेल्फ-चेकआउटवर, म्हणजे ग्राहक स्वतःच माल स्कॅन करून पैसे भरतात त्या मशिनांवर, नेमणूक मिळाली तर ते हलकं काम समजू नका. एकच माणूस अनेक मशिनांवर लक्ष ठेवतो, प्रत्येक अडकलेलं बिल सोडवतो, आणि ग्राहकावर संशय घेतल्यासारखं न दिसता चोरीही रोखायची असते. गोदामाचा पर्याय मिळाला तर तिथे ग्राहक नाहीत, पण ओझं आहे. पाठीचं दुखणं असेल तर नको.

अबोल माणसाने काउंटरच घ्यावा, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. मालाची माहिती झाली की अबोल माणसं फ्लोअरवर फार विश्वासाची वाटतात, कारण ती ऐकून घेतात.

ठरवण्याआधी गर्दीच्या वेळी त्या दुकानात ग्राहक म्हणून जा. किंमत जुळली नाही की कॅशिअर काय करतो, सुपरवायझर किती वेळाने येतो, काउंटरमागे स्टूल आहे का, फ्लोअरवरची माणसं एकमेकांना हाक मारून मदत मागतात का, ते बघा. मुलाखतीत विचारा: गल्ल्यात कमी भरले तर काय होतं, शिफ्टचं वेळापत्रक किती दिवस आधी कळतं, रात्री बंद करून गेलेल्याला सकाळी उघडायला बोलावतात का, टार्गेट एकट्याचं की विभागाचं. आणि घेतलेली जागा मानवली नाही तर बदली मागायला लाजू नका. फक्त गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी मागा, कारण हंगामात नव्या जागेवर तुम्हाला शिकवायला कुणाकडेच वेळ नसतो.