वाइडबॉडी मस्टँग जीटी: पावसाळा, डिकी आणि रिसेलची रड

विकायला काढलेल्या माझ्या मस्टँगला तुर्भ्याच्या एका डीलरने मागच्या आठवड्यात जी ऑफर दिली, ती ऐकल्यापासून डोकं फिरलंय. म्हणून आज लिहायला बसलो. मस्टँग जीटी काय चीज आहे ते इथे सांगत नाही, सगळ्यांना पाठ आहे. ५.० लिटर व्ही८, रिअर व्हील ड्राइव्ह, २०१६ ला भारतात आली, कंपनीतूनच उजव्या स्टिअरिंगची निघालेली मस्टँगची पहिली पिढी. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, कशाबद्दलही तक्रार नाही. पहाटे पाम बीच रोडला सिग्नल सुटल्यावर जो आवाज येतो, त्याच्यापुढे पेट्रोलचं बिल मुकाट्याने भरतो. सगळं रडगाणं मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या वीतभर पत्र्याचं आहे.

गाडी सेकंडहँड, एमएच-४३ पासिंग, आधीच्या मालकाने वाइडबॉडी करून ठेवलेली. रुंद रिम आणि रुंद टायर आत घासतात म्हणून मागच्या दोन्ही फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड ग्राइंडरने उडवली आणि वर फायबरचे फ्लेअर, म्हणजे बाहेर आलेल्या रुंद कमानी, स्क्रूने ठोकले. शिवाय रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म), एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि पुढच्या बंपरखालची पट्टी, म्हणजे लिप. हे सगळं डोळ्यांनी बघूनच घेतली, कारण तेवढ्याच जुन्या स्टॉक (काहीही न बदललेल्या) गाडीपेक्षा ६ लाख कमी होते. मला मॉडिफिकेशनचं वेड नाही, ६ लाखांचं आहे.

पहिले काही महिने मी जो भेटेल त्याला हेच ऐकवत होतो की मॉडिफाइड गाडी घ्यावी ती दुसऱ्याच्या पैशांनी. खर्च आधीच्याने केला, घसारा त्याने सोसला, मिरवतोय मी. घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलो की शेजारच्या रिक्षातली पोरं फोटो काढायची.

मग जून आला. डिकीत कुबट वास येऊ लागला. आधी वाटलं, जिमची बॅग असेल. बॅग काढली, वास तसाच. कार्पेट उचललं तर डाव्या कोपऱ्यातला फेल्ट पिळून काढता येईल इतका ओला, आणि खालच्या खोलगट जागेत चहाच्या रंगाचं पाणी. त्यात एक स्क्रू पडलेला, गंजून फुगलेला. बोटाने पत्रा चाचपला तर कडेला पापुद्रे हाताला आले.

वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या डेंटरने चाक काढून टॉर्च मारली आणि दोन मिनिटांत निदान केलं. मागच्या फेंडरला बाहेरचा एक पत्रा असतो आणि चाकाच्या बाजूने आतला एक. दोन्ही कडेला एकावर एक येतात आणि तिथे स्पॉट वेल्डिंग असतं. ती कड उडवली की दोन्ही पत्रे मोकळे होतात. नीट काम करणारा माणूस ते परत जुळवून वेल्ड मारतो, सीलर भरतो, प्रायमर मारतो. माझ्या गाडीत उजव्या बाजूला हे झालं होतं. डाव्या बाजूला वेल्डिंग अर्ध्यावर सोडून वरून नुसता सिलिकॉन फासला होता. बहुतेक डिलिव्हरीची घाई असावी! टायर उडवेल ते पाणी थेट दोन पत्र्यांच्या मधे, तिथून डिकीत. गायमुखच्या खड्ड्यांतून गेलं की कोपरा भरलाच म्हणून समजा.

आधीच्या मालकाने दिलेल्या बिलावर त्या दुकानाचा नंबर होता. फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, वॉरंटी फायबरला आहे, पत्र्याला नाही." पत्रा कापला कोणी? तर "कस्टमरने सांगितलं म्हणून." नावाने ओरडायचीही सोय नाही, कारण बिल आधीच्या मालकाचं. शेवटी वागळेच्या डेंटरकडूनच वेल्ड आणि सीलर करून घेतलं. वास गेला. एवढ्या खर्चानंतर ६ लाखांचे साडेपाच झाले, म्हणजे तोपर्यंतही मी फायद्यात.

आता तो तुर्भ्याचा डीलर. त्याचा व्हॅल्युएशनवाला पोरगा रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर घेऊन आला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास दाखवतो. दरवाज्यावर तेवढंच. मागच्या फेंडरवर फ्लेअरच्या जरा वर टेकवला तर आकडा हजाराच्या पुढे गेला, म्हणजे रंगाखाली पुटी भरलेली. फ्लेअरवर टेकवला तर मीटर गप्प, फायबरवर काय वाचणार! पोरगा खाली वाकला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "दादा, पुढचं काहीही केलेलं असू द्या, पुढचा फेंडर बोल्टवर असतो. काढला, नवीन लावला, विषय संपला. मागचा बॉडीलाच वेल्ड असतो. तो आणायचा कुठून आणि लावायचा कोणी?"

ऑफर स्टॉक गाडीपेक्षा ९ लाखांनी कमी. मी घेतली तेव्हा कापलेल्या पत्र्याची किंमत ६ होती, विकायला गेलो की ९.

गंमत म्हणजे बाकीच्या मॉडिफिकेशनचं त्याला काहीच वाटलं नाही. ओरिजनल सायलेन्सर, बंपर आणि स्प्रिंग आधीच्या मालकाने खोक्यात भरून दिले होते. ते दाखवल्यावर एक्झॉस्टचा एक रुपया कापला नाही. रॅपचा कोपरा सोलून खालचा रंग बघितला, तर तो शोरूममधल्यासारखा. रॅपमुळे उलट भाव सुधारला म्हणे. स्टॉक पार्ट कोणी भंगारात देत असेल तर त्याचा हात धरा.

कागदाचंही बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक्झॉस्ट संध्याकाळी बदलून मोकळं होता येतं. कापलेली कड परत कशी उगवणार? इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे करतात, आणि मला जो एक गिऱ्हाईक जवळजवळ पटला होता, त्याच्या बँकेच्या व्हॅल्युअरने फोटो बघूनच मान हलवली.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि निष्कर्ष काढून मोकळा होणार होतो की कापलेल्या गाडीला गिऱ्हाईक नाही. मग परवा सीवूड्सचा एक मुलगा आला. त्याला वाइडबॉडीच हवी होती. स्टॉक असती तर आलाच नसता. तो मीटर घेऊन आला नव्हता, पण चाकाखाली झोपून मोबाइलच्या उजेडात त्याने डाव्या बाजूचं वेल्डिंग बघितलं आणि कोणी केलं ते विचारलं. वागळेच्या डेंटरचं बिल आणि कामाचे फोटो दाखवल्यावर डीलरपेक्षा ४ लाख वर चढला. रोख, बँकेची भानगड नाही.

म्हणजे कापलेल्या पत्र्याला भाव असतो, फक्त कोणी कापला ते दाखवता आलं पाहिजे. जपानचे गाड्या मॉडिफाय करणारे अकिरा नाकाई पोर्शे ९११ चे फेंडर स्वतःच्या हाताने कापतात आणि लोक त्यासाठी त्यांना विमानाने बोलावून घेतात. तिथे नाव आहे. सिलिकॉन फासणाऱ्या दुकानाच्या नावाने गिऱ्हाईक पळून जाईल.

मुलगा अजून १ लाखावर अडलाय. त्याला स्टॉक पार्टचं खोकं फुकट हवंय. खोकं वेगळं विकलं तर फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केल्यापासून ओरिजनल बंपर शोधत फिरणारे कमी नाहीत. त्याला म्हटलंय, गाडी घे, खोक्याचे वेगळे बोलू. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्यात.